दातांच्या तारा: उपचारात आणि उपचारानंतर या चुका टाळा

दातांना तारा बसवण्यासाठी येणाऱ्या मंडळींचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो आणि दुसरा, तारा किती लवकर निघतील, हा. तारा निघाल्यानंतर काय करायचे असते, हे पहिल्या भेटीत कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. गेली वीस वर्षे एका जिल्ह्याच्या गावी मी वेडेवाकडे दात सरळ करण्याचेच काम करते आहे. या काळात बिघडलेले जे उपचार माझ्यासमोर आले, त्यांतले बहुतेक घाईने बिघडले होते. काही सुरुवातीच्या घाईने, काही शेवटच्या. त्या दोन चुकांविषयी मी सविस्तर लिहिणार आहे, बाकीच्यांविषयी थोडक्यात.

लवकर उरकून घेण्याची घाई

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असा तंतूंचा पडदा असतो आणि त्याच्या आधाराने दात हाडाच्या खोबणीत बसलेला असतो. तारेने दाताला हलका आणि सतत दाब दिला की दाबाच्या बाजूचे हाड हळूहळू विरघळते, मागच्या बाजूला नवे हाड भरत जाते आणि दात आपल्या खोबणीसह सरकतो. हा वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर इतकाच असतो. जागा करण्यासाठी उपदाढा, म्हणजे सुळे आणि दाढा यांच्यामधले दात, काढाव्या लागल्या, तर एका उपदाढेची मोकळी जागा सात मिलिमीटरच्या आसपास असते. ती मिटवायलाच निम्मे वर्ष किंवा त्याहून अधिक काळ जातो, आणि त्याआधी दात ओळीत आणण्याचे व नंतर वरचे-खालचे दात एकमेकांत नीट बसवण्याचे काम असतेच. म्हणून पूर्ण उपचाराला १८ ते २४ महिने लागतात आणि अवघड जबड्यांना अडीच वर्षेही लागतात.

‘मॅडम, या वेळी काहीच दुखले नाही, म्हणजे तुम्ही तार घट्ट केली नाही,’ अशी तक्रार मला दर आठवड्याला ऐकावी लागते. दुखणे आणि दात सरकणे यांचा असा हिशेब नसतो. सुरुवातीला आम्ही ज्या बारीक तारा घालतो त्या निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या असतात. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडलेला हा धातू १९७० च्या दशकात दंतवैद्यकात आला आणि त्याने आमचे काम बदलून टाकले, कारण ही तार बरीच वाकवली तरी आपल्या मूळ आकाराकडे परत येते आणि कित्येक आठवडे सौम्य दाब देत राहते. तीत दर आठवड्याला घट्ट करण्यासारखे काही नसते. दोन भेटींमध्ये चार ते सहा किंवा आठ आठवड्यांचे अंतर असते, ते हाडाला आपले काम करू देण्यासाठी.

हे सगळे मी एका कुटुंबाला अर्धा तास बसवून सांगितले होते. मुलगी तेवीस वर्षांची होती, लग्न ठरलेले होते, आषाढ चालू होता आणि मुहूर्त मार्गशीर्षातला होता. वरचे चारही पटाशीचे दात एकमेकांवर चढलेले आणि सुळे हिरडीत उंच अडकलेले होते. पाच महिन्यांत हे होणार नाही, असे मी सांगितले तेव्हा वडिलांना ते पटले नाही आणि त्यांनी दुसरीकडे सहा महिन्यांच्या आत दात सरळ करून देण्याचे आश्वासन मिळवले. तिथे दर आठवड्याला तार बदलली गेली आणि लग्नाच्या फोटोत दात खरोखरच बऱ्यापैकी सरळ दिसत होते. दीड वर्षाने ती माझ्याकडे आली, तेव्हा वरचे दोन मधले दात जिभेने ढकलले तरी हलत होते. ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढला, तर त्या दातांची मुळे जवळजवळ निम्मी झिजलेली होती.

दाब प्रमाणाबाहेर वाढला की मुळाभोवतीच्या पडद्यातला रक्तपुरवठा खुंटतो. मग तिथले हाड विरघळण्याचे काम रखडते, आणि ते पुन्हा सुरू होताना शरीर हाडाबरोबर दाताचे मूळही खाऊ लागते. थोडीफार झीज पुष्कळ उपचारांत होते आणि काहींची शरीरप्रकृतीच तशी असते, म्हणून मी कोणालाही शून्य धोक्याची हमी देत नाही. पण एकदा आखूड झालेले मूळ पुन्हा वाढत नाही. त्या मुलीच्या तारा मी काढल्या, पुढच्या दातांच्या मागून एक बारीक तार चिकटवून त्यांना एकत्र बांधले आणि पुढच्या दातांनी पेरूचा किंवा सफरचंदाचा चावा कायमचा बंद, असे सांगितले. तिचे वय तेव्हा पंचवीस होते.

तेव्हापासून मी पहिल्याच भेटीत विचारते, की घरात लग्न, परीक्षा किंवा परगावी जाणे जवळ आले आहे का. लग्न वर्षाच्या आत असेल तर मी दोनच मार्ग सुचवते. एक म्हणजे उपचार लग्नानंतर सुरू करावा. दुसरा म्हणजे आत्ता सुरू करून तो लग्नानंतरही पूर्ण करायचा हे दोन्ही घरांना आधी सांगावे. तार धरण्यासाठी दातांवर जे छोटे तुकडे चिकटवतात त्यांना ब्रॅकेट म्हणतात; ते दातांच्या रंगाचे, सिरॅमिकचे लावले तर फोटोत फारसे दिसत नाहीत. मात्र त्यांच्यावर तार धरून ठेवणारी पारदर्शक रबरे हळदीने दोन दिवसांत पिवळी होतात, म्हणून ती मी हळदीचा कार्यक्रम आणि जेवणे उरकल्यावर, लग्नाच्या आदल्या दिवशी बदलून देते.

उपचार कोणाकडून घ्यायचा हेही घाईत ठरवू नये. बीडीएसनंतर तीन वर्षे याच विषयात एमडीएस केलेला डॉक्टर हा या कामाचा तज्ज्ञ. पदवी आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. मला कोणी विचारले तर मला आनंदच होतो. खर्च परवडत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हा उपचार प्राध्यापकांच्या देखरेखीखाली खासगी दवाखान्याच्या तुलनेत खूपच कमी खर्चात होतो. तिथे हेलपाटे जास्त पडतात, पण काम घाईचे नसते.

घरच्या घरी रबर लावणे

पुढच्या दोन दातांमधली फट मिटवण्यासाठी त्यांच्याभोवती साधे रबर गुंडाळण्याचे व्हिडिओ मुले पाहतात आणि करून बघतात. दाताचे मूळ टोकाकडे निमुळते असते, त्यामुळे ते रबर हळूहळू वर सरकून हिरडीच्या आत जाते आणि दिसेनासे होते. रबर पडले असे समजून मूल दुसरे लावते. आतले रबर मुळाभोवतीचे हाड उतरवत वर जात राहते आणि चांगले, न किडलेले दात गमवावे लागतात. असा एक मुलगा मी पाहिला आहे. तो सातवीत होता, आणि त्याच्या हिरडीतून आम्ही तीन रबरे काढली. पालकांनी हे मुलांना समजावून सांगावे, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.

पहिला आठवडा

तारा बसवल्यावर चार-सहा तासांनी दात ठणकू लागतात, दुसरा दिवस सर्वांत वाईट असतो आणि आठवड्याभरात दुखणे ओसरते. याची कल्पना नसल्यामुळे काही जण दुसऱ्याच दिवशी तारा काढून टाका म्हणून येतात. गुरगुट्या भात, मुगाची खिचडी, लापशी, वरणात कुस्करलेली पोळी यांवर ते दिवस निघतात. गोळी लागलीच तर एरवी चालत असलेली पॅरासिटॅमॉल पुरते. गाल किंवा ओठ घासला जात असेल तर दवाखान्यातून दिलेले मेण ब्रॅकेट कोरडे करून त्यावर लावावे. मागे तारेचे टोक टोचत असेल तर नेलकटरने ते कापू नये. तुटलेला तुकडा घशात जाऊ शकतो. मेण लावावे आणि फोन करून यावे.

खाणे

दर जानेवारीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसापासून, निघालेले ब्रॅकेट घेऊन येणाऱ्यांची रांग लागते. चिक्की, कडक तिळाची वडी, ऊस, मक्याचे कणीस दातांनी सोलून खाणे, सुपारी, बर्फ आणि चिवट टॉफी या गोष्टी तारा असेपर्यंत बंद ठेवाव्यात. फळे वर्ज्य नाहीत, ती सुरीने बारीक कापून दाढांनी खावीत. ताजी, मऊ भाकरी आमटीत भिजवून खुशाल खावी. शिळी, वाळलेली मात्र नको. ब्रॅकेट निघाले तरी दुखत नाही, म्हणून लोक ते पाकिटात जपून ठेवतात आणि पुढच्या भेटीला महिन्याभराने आणून दाखवतात. तेवढे दिवस त्या दाताचे काम थांबलेले असते, कधी तो उलटही फिरतो. ब्रॅकेट निघाल्याच्या दिवशीच कळवावे.

स्वच्छता

ब्रॅकेटच्या कडेला अन्न साचून राहिले की चार आठवड्यांतही दातावर खडूसारखे पांढरे डाग उठू शकतात. ती किडीची पहिली पायरी असते. तारा असेपर्यंत हे डाग नजरेत भरत नाहीत. तारा काढल्या की प्रत्येक दातावर मधे चौकोनी स्वच्छ जागा आणि भोवती पांढरी चौकट असे चित्र समोर येते, आणि दोन वर्षे थांबलेल्या मुलाचा चेहरा उतरतो. मी मुलांना रात्रीचा ब्रश सर्वांत महत्त्वाचा मानायला सांगते. तो आरशासमोर उभे राहून करावा, फ्लोराइड असलेली पेस्ट वापरावी, आणि तारेखालून जाणारा बारीक, बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा छोटा ब्रश प्रत्येक फटीतून फिरवावा. मिश्रीने दात घासणे तर तारा असोत वा नसोत, सोडूनच द्यावे. तो तंबाखू आहे. दात किडलेले असतील किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, तर ते दुरुस्त झाल्याशिवाय मी तारा बसवतच नाही.

वरचे-खालचे दात एकमेकांत नीट बसवण्यासाठी आम्ही देतो ती, वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत लावायची रबरे दिवसाचे वीस ते बावीस तास घालायची असतात आणि रोज बदलायची असतात, कारण ती तोंडात सैल पडतात. दोन दिवस विसरले म्हणून तिसऱ्या दिवशी दोन-दोन घालू नयेत.

तारा निघाल्या म्हणजे उपचार संपला असे समजणे

माझ्या मते सर्वांत मोठी चूक हीच, कारण ती दोन वर्षांचे श्रम चार महिन्यांत वाया घालवते. दात सरळ झाले तरी त्यांच्याभोवतीचे नवे हाड अजून पक्के झालेले नसते आणि हिरडीतले लवचिक तंतू ताणलेल्या अवस्थेत असतात. ते तंतू नव्या जागेला सरावण्यास वर्षभर लागू शकते आणि तोवर ते दाताला जुन्या जागी ओढत राहतात. तारा काढल्यावर दातांवर घालायचा, काढता-घालता येणारा साचा म्हणजे रिटेनर; तो याच ओढीविरुद्ध दात धरून ठेवण्यासाठी असतो.

एका मुलाच्या तारा मी बावीस महिन्यांनी काढल्या. खालचे दात गर्दीचे होते, वर मधोमध फट होती. दोन्ही उत्तम जुळून आले. पुढच्याच महिन्यात तो अभियांत्रिकीसाठी पुण्याला वसतिगृहात गेला. तिसऱ्या आठवड्यात मेसमध्ये जेवताना त्याने रिटेनर काढून कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवला आणि तो रुमाल उष्ट्याबरोबर गेला. त्याने आईला सांगितले. आईने, ‘दिवाळीला येशील तेव्हा मॅडमना दाखवू,’ असे ठरवले, आणि मला कोणीच कळवले नाही. दिवाळीत तो आला तेव्हा फट पुन्हा उघडली होती आणि खालचे दोन दात एकमेकांवर चढू लागले होते. नवा रिटेनर करून दे, असा आईचा आग्रह होता. पण रिटेनर दात आहेत तिथेच धरून ठेवतो. इतके सरकलेले दात त्याने परत जागेवर येत नाहीत. पुन्हा तारा बसवाव्या लागल्या, आणखी नऊ महिने गेले, आणि खर्चही पुन्हा झाला. त्या मुलाने दोन्ही वेळा माझे सगळे ऐकले होते. एका फोनचा आळस त्याला भोवला.

यानंतर मी काही सवयी लावून घेतल्या. तारा काढण्याच्या दिवशी मी रिटेनरचे दोन जोड देते, एक वापरायला आणि एक घरी ठेवायला. डबी मुद्दाम भडक रंगाची देते आणि मुलाकडून माझ्यासमोर म्हणवून घेते, की रिटेनर एक तर तोंडात नाहीतर डबीत. खिशात नाही, रुमालात नाही, उशीखाली नाही. तारा काढल्यावर घेतलेले दातांचे प्लास्टरचे साचे पालकांना कपाटात जपून ठेवायला देते, म्हणजे दात हलले का ते घरीही ताडून पाहता येते. खालच्या पुढच्या दातांमागे बहुतेकांना एक बारीक तार कायमची चिकटवते. प्लास्टिकचा रिटेनर उकळत्या पाण्यात धुऊ नये, तो आक्रसतो आणि मग दातांवर बसत नाही. गार पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे.

पहिले सहा महिने जेवण आणि ब्रश सोडून दिवसरात्र, त्यानंतर रोज रात्री, असा माझा नियम आहे. रात्रीचे किती वर्षे घालायचे, असे विचारले की मी, दात सरळ हवे असतील तितकी वर्षे, असे उत्तर देते. ते ऐकून पालक नाराज होतात, पण वयानुसार दात थोडेथोडे सरकणे हे तारा कधीच न लावलेल्यांच्या बाबतीतही होते; विशेषतः खालचे पुढचे दात तिशी-चाळिशीत गर्दी करू लागतात. याचा दोष पुष्कळ जण अक्कलदाढेला देतात आणि ती काढून टाकायला सांगतात. अभ्यासांतून या समजुतीला आधार मिळालेला नाही, त्यामुळे केवळ एवढ्या कारणासाठी मी अक्कलदाढ काढायला सांगत नाही.

रात्री रिटेनर घालताना नेहमीपेक्षा घट्ट लागला, तर दात हलू लागले आहेत असे समजावे. त्या वेळी तो काढून न ठेवता घालून ठेवावा आणि दोन-तीन दिवसांत सैल झाला नाही तर दाखवावा. मागे चिकटवलेली तार एखाद्या दातावरून सुटली तर दुखत नाही, फक्त जिभेला खरखरीत लागते. असे लागले, रिटेनरला चीर पडली किंवा तो हरवला, तर सुट्टीची किंवा सणाची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करावा.