कचऱ्याच्या डोंगरावर पांघरूण कसं घालायचं, म्हणजे पावसाचं पाणी आत मुरणार नाही

आधी हिशोब बघा. एका हेक्टरवर 100 मिमी पाऊस पडला की 10 लाख लिटर पाणी होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे 100 टँकर, आणि मुंबईत पावसाळ्यात असा दिवस येतोच. हे पाणी कचऱ्यात मुरलं की काळंकुट्ट लीचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी होऊन खाली उतरतं. मुंबईचं गोराईचं डम्पिंग असंच झाकून बंद केलंय.

नुसती माती लोटून काही होत नाही. पहिल्यांदा डोंगराला नीट आकार द्यायचा, माथा सपाट ठेवायचा नाही, उतार हवाच. कचरा कुजतो तसा गॅस निघतो, त्याला वाट म्हणून खडीचा थर आणि पाइप आधीच टाकून घ्यायचे, नाहीतर तो गॅस वरचं पांघरूणच उचलतो.

मग येते चिकणमाती. 2016 च्या घनकचरा नियमांत ती 60 सेंमी सांगितली होती, आणि ती एकदम नाही ओतायची, पातळ थर टाकायचा, जरा ओलसर असतानाच रोलर फिरवायचा, मग पुढचा थर. नीट दाबली तर यातून पाणी वर्षाला जेमतेम 3 सेंमी सरकतं. पण उन्हात उघडी राहिली की शेतासारख्या भेगा पडतात आणि सगळी मेहनत पाण्यात, अक्षरशः. बऱ्याच ठिकाणी हिच्यावर एचडीपीईची, म्हणजे टिकाऊ प्लास्टिकची, जाड शीट पण घालतात, तिथे सगळा जीव जोडांत असतो, प्रत्येक जोड तपासूनच पुढे जायचं.

त्यावर 15 सेंमी वाळू-खडीचा निचऱ्याचा थर. लोकांना हा फालतू खर्च वाटतो, मला विचाराल तर खरं काम हाच करतो, कारण पाणी चिकणमातीवर साचून राहिलं तर कधी ना कधी आत जाणारच, ते लगेच कडेच्या चरात पळालं पाहिजे. सगळ्यात वर 45 सेंमी माती आणि गवत. वड-पिंपळ उगवला की लगेच उपटा, मुळं थेट खाली घुसतात.

डम्प अजून चालूच असेल तर पावसाळ्याआधी तात्पुरती 40 ते 65 सेंमी माती दाबून घ्यायची.

आणि झाकलं म्हणजे सुटलो असं नाही, 2016 च्या नियमांत निदान 15 वर्षं लक्ष ठेवायला सांगितलं होतं. खालचा कचरा बसत जातो, वर खड्डे पडतात. पहिला मोठा पाऊस झाला की वर चक्कर मारा, डबकं दिसलं की तिथे खूण करा, सुकल्यावर भरून परत उतार काढून घ्या.