पोस्टग्रेस सर्व्हर स्वतः उभा करताना: तयारीची यादी

टर्मिनलवरून पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर सुरू करणं हे एका ओळीचं काम आहे. ही यादी त्या ओळीच्या आधीच्या अर्ध्या-पाऊण तासासाठी आहे. मेमरी किती द्यायची, पोर्ट कोणता ठेवायचा, कोणाला आत घ्यायचं, हे सगळं नंतर कधीही बदलता येतं, त्यामुळे त्यावर घोळ घालत बसू नका. पण डेटाचा फोल्डर पहिल्यांदा तयार होतो त्या क्षणी काही गोष्टी अशा ठरून जातात की पुढे त्या बदलायच्या म्हटलं तर सगळा डेटा बाहेर काढून नव्याने भरावा लागतो. मराठी डेटा ठेवणाऱ्याला त्यातली एक फार महागात पडते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

इनिटडीबी म्हणजे डेटाचा फोल्डर पहिल्यांदा तयार करणारी कमांड. ती चालवण्याआधी टर्मिनलवर नुसती लोकेल (मशीनची भाषेची सेटिंग दाखवणारी) ही कमांड द्या आणि काय येतं ते वाचा. भाषेच्या ओळीत (लँग) यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवणारी पद्धत, दिसली तर ठीक. ती ओळ रिकामी असेल किंवा नुसतं सी (कोणत्याही भाषेचे नियम नसलेली लोकेल) असेल, तर तिथेच थांबा. छोट्या कंटेनरमध्ये आणि नुकत्याच घेतलेल्या मशीनवर हे सर्रास दिसतं. लोकेल सी असताना तुम्ही वेगळं काही सांगितलं नाहीत, तर इनिटडीबी एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत साठवण्याची पद्धत) म्हणून एसक्यूएल-आस्की निवडतो. म्हणजे अक्षर ही गोष्टच सर्व्हरला कळत नाही, तो फक्त बाइट मोजतो. एका वाचनालयाच्या सभासद यादीसाठी मी असाच घाईत सर्व्हर उभा केला होता. मराठी नावं भरली जात होती, पडद्यावर नीट दिसतही होती. कार्डावर नावाची पहिली दहा अक्षरं छापायची वेळ आली तेव्हा प्रत्येक कार्डावर तीन अक्षरं आणि त्यापुढे एक चौकोन आला. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, त्यामुळे दहा बाइटांत तीन चिन्हं पूर्ण बसली आणि चौथ्याचा तुकडा पडला. तोवर हजारो नोंदी भरून झाल्या होत्या. यूटीएफ-८ चा नवा डेटाबेस टेम्प्लेट-शून्य या कोऱ्या साच्यावरून बनवून सगळं त्यात हलवावं लागलं.

म्हणून एन्कोडिंग यूटीएफ-८ असं इनिटडीबीला स्पष्ट शब्दांत सांगा, मशीनच्या भरवशावर सोडू नका. सर्व्हर चालू झाल्यावर पहिली क्वेरी 'मराठी' या शब्दाची लांबी विचारणारी असू द्या. उत्तर ५ आलं पाहिजे. १५ आलं तर एकही नोंद भरायच्या आधी फोल्डर पुसा आणि पुन्हा बनवा.

याच्याच जोडीला क्रमवारीचं ठरवा. सी लोकेलमध्ये क्रम लागतो तो यूनिकोडच्या आकड्यांप्रमाणे, आणि यूनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर, व च्या आधी बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर. त्यामुळे काळे, कावळे, काशीद, कासार ही आडनावं सी लोकेलमध्ये याच क्रमाने लागतात. शाळेच्या पटावर किंवा मतदार यादीत मराठी माणूस काळ्यांना कासारांच्या नंतर शोधतो. पोस्टग्रेस १५ पासून इनिटडीबीलाच आयसीयू या भाषा-नियमांच्या लायब्ररीचे मराठी नियम वापरायला सांगता येतं. ते नको असेल तर नंतर एखाद्या क्वेरीपुरते किंवा रकान्यापुरतेही मराठी नियम लावता येतात. काहीही निवडा, पण ही चार आडनावं एका टेबलात भरून क्रम डोळ्यांनी पाहा. आणखी एक गोष्ट: ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्ररीचा क्रम वापरत असाल तर सिस्टिम अपग्रेड करताना सावध राहा. २०१८ मध्ये आलेल्या ग्लिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२८ ने क्रमाचे नियम बदलले. जुन्या क्रमाने बांधलेले इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या याद्या) नव्या नियमांशी जुळेनात, आणि टेबलात असलेल्या नोंदी शोधल्यावर सापडेनात. अशा अपग्रेडनंतर मजकुरावरचे इंडेक्स पुन्हा बांधणं हा त्या कामाचाच भाग समजा.

आता फोल्डर आणि त्याचा मालक. इनिटडीबी आणि सर्व्हर दोन्ही रूट (मशीनचा सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालायला साफ नकार देतात, आणि ते बरंच आहे. पोस्टग्रेस नावाचा वेगळा वापरकर्ता बनवा, तोही सिस्टिम वापरकर्ता म्हणून. साधा वापरकर्ता बनवलात तर तो लॉगआउट झाल्यावर सिस्टिमडी (लिनक्सवर सेवा सांभाळणारा प्रोग्राम) त्याची शेअर्ड मेमरी साफ करू शकतो आणि चालता सर्व्हर अडखळतो. फोल्डरची परवानगी ७०० (फक्त मालकाला प्रवेश) ठेवा. आवृत्ती ११ पासून ७५० ही चालते, त्याहून सैल असेल तर सर्व्हर उठतच नाही.

डेटासाठी वेगळी डिस्क जोडली असेल तर थेट माउंटच्या जागेवर (डिस्क जिथे जोडलेली दिसते त्या फोल्डरात) डेटा ठेवू नका, आत एक फोल्डर करून त्यात ठेवा. एखाद्या दिवशी डिस्क माउंट झालीच नाही तर आतला फोल्डर सापडत नाही, सर्व्हर उठत नाही आणि तुम्हाला लगेच कळतं. डेटा दिसला नाही की नवा फोल्डर तयार करणारी स्क्रिप्ट मात्र कधीच लिहू नका. ती नेमकी त्याच दिवशी रिकामा डेटाबेस उभा करेल आणि लोक त्यात नोंदी भरायला लागतील.

डेबियन किंवा उबंटूवर पॅकेज टाकलं असेल तर ते स्वतःच मेन नावाचा क्लस्टर (एक डेटा फोल्डर आणि त्याचा सर्व्हर) बनवून चालूही करतं, आणि कॉन्फिगरेशनच्या फाइली डेटाजवळ न ठेवता ईटीसी फोल्डरखाली ठेवतं. हाताने दुसरा बनवण्याआधी पीजी-एलएसक्लस्टर्सने काय काय चालू आहे ते बघून घ्या. ५४३२ हा पोर्ट आधीच कोणी धरला आहे का, हेही एसएस कमांडने आत्ताच पाहिलेलं बरं.

इनिटडीबीच्या ओळीत अजून दोन गोष्टी हव्यात. पहिली चेकसम, म्हणजे पानातल्या डेटावरून काढलेला तपासणीचा आकडा. डिस्कवरच्या पानात बिघाड झाला तर चेकसममुळे तो वाचताना पकडला जातो. आवृत्ती १८ मध्ये तो आपोआप चालू असतो, त्याआधीच्या आवृत्तीत डॅश छोटा के देऊन सांगावं लागतं. राहून गेलं तर आवृत्ती १२ पासून सर्व्हर बंद करून नंतरही लावता येतो, पण मोठ्या डेटावर त्याला वेळ लागतो. दुसरी गोष्ट पासवर्डची. काहीच सांगितलं नाही तर इनिटडीबी त्याच मशीनवरून येणाऱ्या प्रत्येकाला ट्रस्ट लावतो, म्हणजे मशीनवरचा कोणीही पासवर्डशिवाय मुख्य वापरकर्ता म्हणून आत. शेवटी तो तसा इशाराही देतो, पण तो इशारा वाचणारे थोडे. डॅश मोठा डब्ल्यू देऊन पासवर्ड तिथेच ठरवा आणि पद्धत म्हणून स्क्रॅम (पासवर्ड सुरक्षितपणे तपासणारी) सांगा.

मग सेटिंग्जची फाइल, पोस्टग्रेस्क्यूएल डॉट कॉन्फ. ही फाइल उघडण्याआधी तिची प्रत काढून ठेवा. शेअर्ड बफर्स (डेटा हाताशी ठेवायची सर्व्हरची मेमरी) मुळात १२८ एमबी असतात. मशीन फक्त डेटाबेससाठी असेल तर एकूण मेमरीचा पाव हिस्सा ही सुरुवात चांगली. मॅक्स कनेक्शन्स १०० असतात आणि ते वाढवायचा मोह आवरा. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक जोडणीसाठी वेगळी प्रोसेस उठते, आणि वर्क मेमचे ४ एमबी हे एका जोडणीला नसून क्वेरीतल्या एकेका सॉर्टला मिळतात. आकडा वाढवला की मेमरीचा हिशोब असा गुणाकाराने चढतो. लॉगिंग कलेक्टर चालू करा, मुळात तो बंद असतो. टाइमझोन इनिटडीबी मशीनवरून उचलतो आणि भाड्याची मशीनं बहुतेक यूटीसीवर असतात, तेव्हा आशिया-कोलकाता हवं असेल तर लिहा. एफसिंक बंद करून वेग वाढवा असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. जिथे लाइट जाते तिथे तर नाहीच नाही. सर्व्हरने लिहून झालं म्हणून सांगितलेल्या नोंदी एफसिंकमुळेच खरोखर डिस्कवर पोचलेल्या असतात. तो बंद असताना वीज गेली तर सगळा डेटाच वापरण्याजोगा राहणार नाही, अशी वेळ येऊ शकते.

लिसन अ‍ॅड्रेसेस मुळात लोकलहोस्ट, म्हणजे फक्त तेच मशीन, असतं. अ‍ॅप्लिकेशन त्याच मशीनवर असेल तर तसंच राहू द्या. बाहेरून जोडायचं असेल तरच बदला, आणि तेव्हा पीजी-एचबीए फाइलही (कोणाला कुठून आत घ्यायचं ते ठरवणारी) त्याच बैठकीत लिहा. ती फाइल वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळणारी ओळ लागू होते, खालच्या ओळींकडे सर्व्हर बघतच नाही. म्हणून नेमक्या ओळी वर आणि मोघम ओळी खाली. सगळ्या पत्त्यांना ट्रस्ट देणारी ओळ तात्पुरती म्हणूनसुद्धा लिहू नका.

फाइल लिहून झाली की सर्व्हर न उठवताही एखादी किंमत तपासता येते: पोस्टग्रेस कमांडला फोल्डर आणि डॅश मोठा सी देऊन त्या सेटिंगचं नाव द्या, ती किंमत छापून बाहेर पडेल. कमांडच्या ओळीवर दिलेली किंमत फाइलवर मात करते, हेही ध्यानात असू द्या. चाचणीसाठी वेगळा पोर्ट द्यायला ते सोयीचं आहे, पण कायमचं काही तिथे ठेवलंत तर पुढचा माणूस फाइलमध्ये शोधत बसेल.

पहिल्यांदा सर्व्हर मागे न पाठवता समोरच चालवा: पोस्टग्रेस, डॅश मोठा डी आणि फोल्डरचा पूर्ण पत्ता. टर्मिनलवर ओळी येऊ लागतात, कोणत्या पत्त्यावर ऐकतोय, सॉकेट कुठे आहे, आणि शेवटी जोडण्या घ्यायला तयार असल्याची ओळ. काही चुकलं असेल तर ते इथेच समोर दिसतं. कंट्रोल-सीने बंद करा. मग पीजी-सीटीएल (सर्व्हर सुरू-बंद करणारी कमांड) स्टार्ट, सोबत डॅश छोटा एल देऊन लॉग फाइलचं नाव. वेगळ्या टर्मिनलवरून पीजी-इझरेडी चालवा. शून्य परत आलं तर सर्व्हर जोडण्या घेतोय, दोन आलं तर तिकडून उत्तरच नाही.

सुरू होताना पोस्टमास्टर डॉट पीआयडी आधीच आहे असं सांगून सर्व्हर अडला, तर ती फाइल लगेच उडवू नका. पहिल्या ओळीत प्रोसेसचा क्रमांक आहे. तो पीएस कमांडने शोधा. पोस्टग्रेस खरंच चालू असेल आणि तुम्ही फाइल पुसून दुसरा उठवलात, तर एकाच डेटावर दोन सर्व्हर लिहू लागतील, आणि मग वाचवायला काही उरत नाही.

बंद करण्याचीही तयारी आधीच हवी. पीजी-सीटीएल स्टॉप आवृत्ती ९.५ पासून फास्ट पद्धतीने थांबवतो: चालू जोडण्या तोडतो, अर्धवट व्यवहार मागे घेतो आणि नीट बंद होतो. स्मार्ट पद्धत सगळे स्वतःहून जाईपर्यंत थांबते. इमिजिएट म्हणजे जवळपास वीज गेल्यासारखं, पुढच्या वेळी उठताना रिकव्हरी करावी लागते. किल डॅश नऊ वापरू नका.

सगळं मनासारखं झालं की सेवा म्हणून सिस्टिमडीकडे सोपवा आणि कोणी काम करायला लागण्याआधी मशीन एकदा पूर्ण रीबूट करा. उठल्यावर सर्व्हरला त्याचं एन्कोडिंग, डेटा फोल्डरचा पत्ता आणि शेअर्ड बफर्स विचारा, उत्तरं तारखेसह वहीत लिहा. त्याच वेळी पीजी-डंपने पहिला बॅकअप काढा, दुसऱ्या मशीनवर न्या आणि तिथे भरून पाहा. तिथेही 'मराठी'ची लांबी ५ येते का बघा.