चिपाडातून साखर निघत नव्हती, शेवटी अशी निघाली (माझा अनुभव)

एमएस्सीच्या प्रोजेक्टला उसाचं चिपाड घेतलंय, आमच्या कोल्हापूरकडे गुऱ्हाळावर ढिगाने मिळतं. त्यात साधारण 40 टक्के सेल्युलोज (ग्लुकोजच्या लांब साखळ्या) असतं, म्हणजे ग्लुकोज भरपूर निघायला हवं, पण या साखळ्या तोडणारं सेल्युलेज एन्झाइम टाकून रात्रभर ठेवलं तरी डीएनएस टेस्टला (साखर जितकी जास्त तितका गडद लालसर रंग येतो ती) रंग पिवळाच, जेमतेम केशरी.

पीएच 4.8, तापमान 50 अंश, सगळं बरोबर. लिग्निन (सेल्युलोजला धरून ठेवणारा, एन्झाइमची वाट अडवणारा घटक) काढायला 2 टक्के कॉस्टिक सोड्यात 121 अंशाला ऑटोक्लेव्ह केलेलं, म्हणजे दाबाखाली वाफेवर शिजवलेलं, काळंकुट्ट पाणी निघालं म्हणजे लिग्निन सुटलं होतं हे नक्की, मग अडतंय कुठे?

अडत होतं वाळवण्यात! धुतलेलं चिपाड ओव्हनमध्ये कडक वाळवायचं असं आमच्या पद्धतीत लिहिलेलं, पण तसं केलं की धाग्यातली बारीक छिद्रं मिटतात आणि परत भिजवलं तरी नीट उघडत नाहीत, एन्झाइम आत जाणार कसं. बोटात धरलं तर पुठ्ठ्यासारखं कडक लागायचं.

आता मी पाणी न्यूट्रल येईपर्यंत धुते, मलमलच्या फडक्यातून पिळते आणि ओलंच डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवते. थोडंसं वेगळं वाळवून ओलावा किती आहे ते काढायचं, त्यावरून कोरडं वजन धरायचं, नाहीतर साखरेची टक्केवारी चुकते. पुढच्याच बॅचला मस्त लालसर तपकिरी रंग आला, रंगाची तीव्रता मोजणाऱ्या यंत्रावर 540 नॅनोमीटरला रीडिंग इतकं चढलं की सॅम्पल पातळ करून घ्यावं लागलं, खूप आनंद झाला!!

आणि एन्झाइम न टाकलेला ब्लँक (तुलनेसाठीचं सॅम्पल) प्रत्येक वेळी ठेवाच. ते कॉस्टिक सोड्याचं काळं पाणी तसंच सिंकमध्ये ओतू नका हं, आधी ॲसिडने न्यूट्रल करा.