डोकं शांत करायला पाण्याजवळ कसं जायचं, नाथसागरापासून मालवणच्या स्कूबापर्यंत

आपल्याकडं पाणी म्हटलं की आधी आकडाच आठवतो. जायकवाडी किती टक्के भरलं, मांजरा मृतसाठ्यात गेलं का, टँकर कधी येणार. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांना पाण्याकडं नुसतं बघत बसा म्हटलं तर पटतच नाही, पाणी म्हणजे काळजी हे अंगात मुरलंय. पण तेच पाणी मन शांत करायला लई कामाला येतं, फक्त त्याच्याजवळ टप्प्याटप्प्यानं जावं लागतं. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं, हा त्यातला शेवटचा टप्पा. एकदम मालवण गाठून पाठीवर टाकी घेतली तर बऱ्याच जणांच्या हाती नुसती धडधड आणि चार फोटो लागतात.

सुरुवात काठावर बसण्यापासून करा. पैठण जवळ असेल तर नाथसागर म्हणजे जायकवाडीचा जलाशय, नांदेडवाल्यांना विष्णुपुरी नाहीतर गोदावरीचे घाट, परभणी-हिंगोलीकडं येलदरी आणि सिद्धेश्वर, बीडकडं माजलगाव, जे जवळ पडेल ते. पावसाळ्यात पाण्याचा आवाज पाहिजे असेल तर सहस्रकुंड, सौताडा, कपिलधार, नळदुर्गच्या किल्ल्यातले नर-मादी धबधबे. मला विचाराल तर हिवाळ्यातली नाथसागरावरची सकाळ याला तोड नाही, रोहित पक्षी येतात, लांब हिमालयापलीकडून पट्टकादंब येतात, समोरचा काठ दिसत नाही एवढं पाणी आणि त्याच्याकडून आपल्याला काहीच नको असतं.

बसायचं कसं तेही सांगतो कारण खरी अडचण तिथंच आहे. मोबाईल गाडीत ठेवा. पाणी कुठपर्यंत आलंय, भिंतीवरची खूण किती उघडी पडलीय हे बघू नका, ते बघितलं की लगेच हिशोब चालू होतो, ऊस, मोटार, कर्ज. पाण्यावर एकच जागा पकडा आणि तिथल्या लाटा बघत राहा. पहिली पाचदहा मिनिटं डोकं घरी-ऑफिसात पळत राहील, पळू द्या. मग श्वास, नाकानं ४ मोजेपर्यंत आत आणि ६ मोजेपर्यंत बाहेर, बाहेरचा लांब, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात आणि तेच आपल्याला पाहिजे. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की सारखं लक्ष लावून लावून माणूस दमतो, आणि लाटा, ढग, पानं असल्या गोष्टी लक्ष गुंतवतात पण ताण देत नाहीत, म्हणून दमलेलं डोकं तिथं सावरतं. २०१९ ला इंग्लंडमधल्या जवळपास २० हजार लोकांच्या माहितीवरून एक अभ्यास आला होता, आठवड्यात निदान १२० मिनिटं निसर्गात काढणाऱ्यांमध्ये तब्येत चांगली आहे, समाधानी आहे असं सांगणारे जास्त निघाले, मग ते २ तास एकदाच असोत की थोडे थोडे. त्यामुळंच बरं वाटलं असं त्यावरून सिद्ध होत नाही, पण रविवारी दोन तास काढायला तेवढं कारण बास आहे.

मे महिन्यात मात्र धरणावर जाऊ नका. भेगा पडलेला गाळ आणि उघडी पडलेली जुनी गावं बघून मन हलकं व्हायचं सोडून जड होतं. त्या दिवसांत बारव बघा. वालूरची गोल पायऱ्यांची बारव, बीडची खजाना विहीर, असल्या जागी बाहेर ४२ डिग्री असली तरी गारवा जाणवतो. संभाजीनगरवाल्यांना पाणचक्कीचा हौद आहेच.

घरी करायचा एक प्रकार आहे. बादलीत माठातलं गार पाणी घ्या, श्वास रोखून चेहरा, म्हणजे कपाळ डोळे गाल, १५-२० सेकंद पाण्यात धरा आणि बाहेर या. चेहऱ्याला गार पाणी लागलं आणि श्वास थांबला की हृदयाचे ठोके आपोआप कमी होतात, सील-डॉल्फिनमध्ये हे जास्त असतं पण माणसातही आहे. राग नाहीतर घाबरेपणा चढला की याचा उपयोग होतो. हार्टचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.

आता पोहणं. आपल्याकडची लेकरं पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून विहिरीत शिकतात, पण मोठेपणी शिकायचं असेल तर सरळ शहरातल्या स्विमिंग टँकवर कोचकडं जा, बायकांसाठी वेगळी बॅच बऱ्याच ठिकाणी असते, आणि ज्या बायकांना लहानपणी विहिरीकडं फिरकू दिलं नाही त्यांनी तर जाच, चाळिशीतही येतं. शेततळ्यात उतरू नका, खालचं प्लास्टिक एवढं गुळगुळीत असतं की पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही, दरवर्षी जीव जातात. धरणात गाळात पाय रुततात आणि वरून पाणी सोडलं तर नदीपात्रात पळायला वेळ मिळत नाही.

टँकमध्ये स्पीडच्या मागं लागण्याआधी पाठीवर तरंगायला शिका. कान पाण्याखाली गेले की बाहेरचा गोंगाट दबतो आणि स्वतःचा श्वास ऐकू येतो. छाती भरली की अंग वर येतं, श्वास सोडला की जरा खाली जातं, आणि हात-पाय न मारता पाणी आपल्याला उचलून धरतंय हे एकदा अंगाला कळलं की खांदे सैल पडतात, कित्येकांना ते आवळलेले होते हे तेव्हाच कळतं. यात घाई करू नका, महिना लागला तर लागू द्या. स्कूबातली शांतता नव्वद टक्के इथंच सापडते असं माझं मत आहे.

एक गोष्ट इथंच सांगतो. पाणी हे औषधाची जागा घेत नाही. झोप उडालीय, कशातच मन लागत नाही, जगणं नको वाटतंय असं असेल तर एकट्यानं पाण्यावर जाऊ नका, घरातल्या कुणाला तरी सांगा आणि १४४१६ ला फोन लावा, ही सरकारची टेली-मानस हेल्पलाईन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. चालू गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत.

मग मालवण-तारकर्ली. सीझन साधारण ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात बंद. तारकर्लीला एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, स्कूबा शिकवणारं केंद्र आहे, खासगीवालेही बक्कळ आहेत. नवख्यांच्या डाइव्हला पोहता येणं बऱ्याच ठिकाणी लागत नाही, इन्स्ट्रक्टर धरूनच असतो, पण तरंगायला येत असेल तर निम्मी भीती काठावरच राहते. आरोग्याचा फॉर्म खरा भरा. दमा, हार्ट, फिट, कानाचा त्रास, गरोदरपण, पॅनिक अटॅक, मानसिक आजाराच्या गोळ्या, यातलं काहीही असेल तर बुकिंगच्या आधी डॉक्टर. सर्दी असेल तर त्या दिवशी नाही, आणि ग्रुपसोबत गेलात तरी आदल्या रात्री दारू नाही.

पाण्याखाली सगळ्यात मोठा नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. बादलीतल्या प्रकाराच्या बरोब्बर उलटं. १० मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो, तिथं भरलेली हवा वर येताना फुगते आणि श्वास धरला तर फुप्फुसाला इजा होते. म्हणून सावकाश आत, लांब बाहेर, तेच काठावरचं ४ आणि ६. कान दुखायच्या आधीच नाक दाबून हलकेच हवा कानाकडं ढकलायची, खाली जाताना सारखं करत राहायचं. अंगठा वर म्हणजे मस्त नाही, वर जायचंय असा अर्थ होतो, मस्त सांगायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल. घाबरलात तर हालचाल थांबवा, इन्स्ट्रक्टरचा हात धरा, बुडबुडे सोडत दोन-तीन लांब श्वास, तरी नको वाटलं तर अंगठा वर. परत आलात तर काही बिघडत नाही.

व्हिडिओवाल्याला शक्य तर नाही म्हणा, नाहीतर सगळा वेळ कॅमेऱ्याकडं बघण्यात जातो. एक खडक नाहीतर एकच मासा पकडा आणि त्याच्याकडंच बघा, प्रवाळाला हात लावू नका. खाली फोन नाही, बोलणं नाही, कानात फक्त बुडबुडे आणि काम एकच, श्वास घेणं, म्हणून ती काही मिनिटं डोक्यात दुसरं काही राहत नाही.

आपल्या लोकांची सवय म्हणजे डाइव्ह झाली की जेवण आणि लगेच गाडी घाटात. असं करू नका. डाइव्हनंतर विमानाला निदान १२ तास थांबायला सांगतात, जास्त डाइव्ह केल्या तर १८, कारण उंचावर हवेचा दाब कमी होतो आणि अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात, आणि आंबोली किंवा फोंडा घाट चढतानाही दाब कमी होतोच. लॉज दोन रात्रींचं बुक करा, डाइव्ह पहिल्या सकाळी ठेवा, दुपारी झोपा, संध्याकाळी नुसतं किनाऱ्यावर बसा आणि लातूर-नांदेडची गाडी दुसऱ्या दिवशीच काढा.