बॅग अर्धी रिकामी ठेवा

न्यू जर्सीहून ओडिशाला, दत्तक घ्यायच्या आमच्या लेकीला पहिल्यांदा भेटायला निघालो, तेव्हा आमच्या बॅगा काठोकाठ भरल्या होत्या. त्यातलं निम्मं तिच्या काहीच कामाचं नव्हतं. त्यामुळे आता दत्तक घेणाऱ्या कुणाचा फोन आला, ‘काराची (भारतातल्या दत्तक व्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेची) एनओसी आलीय, तिकिटं काढलीत, काय काय नेऊ?’, की मी आधी सांगते, एक बॅग अर्धी रिकामी ठेवा. कशासाठी ते पुढे येईलच.

कागदांचं तुमची एजन्सी बघते, पण नावाच्या स्पेलिंगवर तुमचा डोळा हवा. जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश (2022 पासून तो कोर्टाऐवजी तिथून निघतो), जन्मदाखला, पासपोर्ट, काराचं अनुरूपता प्रमाणपत्र (दत्तक आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे झाल्याचा दाखला), आणि अमेरिकेला न्यायचं असेल तर दिल्लीच्या दूतावासातला व्हिसा. सगळीकडे नाव अक्षर न अक्षर सारखं लागतं. आमच्या एका कागदावर एक अक्षर जास्त पडलं आणि दिल्लीतला मुक्काम नऊ दिवसांनी लांबला.

निघण्याच्या महिनाभर आधी एक छोटा अल्बम पाठवा. तुम्ही दोघं, घराचं दार, तिचा पलंग, एवढंच. दहा फोटो पुरेत. शिशुगृहातल्या मावशी तो रोज दाखवतात. आणि फोटोत जसे दिसता तसेच जा. माझ्या नवऱ्याने फोटो दाढीतला पाठवला आणि विमानात बसायच्या आदल्या दिवशी तुळतुळीत दाढी केली. तिने आधी अल्बमकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि मावशींच्या पदराआड गेली. तिच्या भोवती सगळ्या बायकाच असायच्या, त्यात हा परका पुरुष. दोन दिवस त्याने लांब बसून नुसता चेंडू घरंगळत सोडला. मी मात्र फोटोतला निळा कुर्ता घातला होता. तिने त्याची बाही दोन बोटांनी चिमटीत धरून पाहिली.

तिची भाषा थोडी तरी शिकून जा. मूल भारतातलं म्हणून आपलं हिंदी चालेल असं धरून जाऊ नका, तीन वर्षांच्या मुलीला फक्त ओडिया येत होतं. आपलं नशीब असं, की पाणी तिकडेही पाणीच, भातही भातच, फक्त शेवटचा अकार उच्चारायचा. भूक म्हणजे भोक, मावशी म्हणजे माउसी. ‘दुखतंय’ आणि ‘शू आली’ हे तिथल्या मावशींकडून तिच्याच शब्दांत घ्या, पुस्तकातलं उपयोगी पडत नाही.

कपडे वयापेक्षा एक माप लहान आणि एक बरोबर असे दोन्ही न्या. चपलांसाठी पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून त्याचा फोटो पाठवायला सांगा. थर्मामीटर, ओआरएस, उवांची बारीक फणी हवीच, खरजेचं मलम डॉक्टरांना विचारून. अत्तर, परफ्यूम नको. खेळणं एकच, आणि बाकी मुलांना वाटता येईल असं काहीतरी वेगळं. तिला एकटीला मोठी बाहुली दिलीत, तर तिथल्या बाकीच्यांचे चेहरे तुम्हालाच बघवणार नाहीत.

पहिल्या भेटीत उचलून घेऊ नका. खाली बसा, तिला येऊ दे. एखादं मूल किंचाळतं, एखादं पहिल्याच मिनिटाला गळ्यात पडतं. गळ्यात पडलं म्हणून हुरळू नका, अशी मुलं कुणाही पाहुण्याच्या गळ्यात पडतात. उशीखाली बिस्किटं लपवली तर राहू द्या, मुंग्या आल्या तरी. आदेश हातात येईपर्यंत फोटो फॅमिली ग्रुपवरसुद्धा टाकू नका, बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही. पुण्यात माझ्या सासूबाई ओवाळायचं ताट तयार करून बसल्या होत्या. त्यांना ‘आई, अजून थोडं थांबा’ म्हणणं, हा या सगळ्या तयारीतला सर्वांत अवघड फोन होता.

आता ती रिकामी बॅग. तिची चादर मागून घ्या, धुवायची नाही. चादर नसती तर दिल्लीतल्या हॉटेलात आमची लेक झोपलीच नसती. एक जुना फ्रॉक, खाटेचा, फाटकाचा, अंगणातल्या झाडाचा फोटो, प्रत्येक मावशींचं नाव लिहून, आणि झोपवताना त्या जे गुणगुणतात त्याचं रेकॉर्डिंग. मावशींना संकोच वाटतो, दोनदा विनवा. अठरा वर्षांची झाल्यावर तिला स्वतःच्या मुळांचा शोध घ्यायला अर्ज करता येईल, पण फायलीत हे काही सापडायचं नाही. दालमा (भाज्या घातलेली ओडिया डाळ) कसा करतात तेही तिथल्या स्वयंपाकघरात उभं राहून बघा. मी वाटीचं माप घेतलं नाही, अजून चव जुळत नाही.

आणि परतायच्या आदल्या दिवशी शेजारणीला फोन करून कुकर लावून ठेवायला सांगा. दोन्हीकडच्या घड्याळांत साडेनऊ-साडेदहा तासांचं अंतर असतं. आमची पहिल्या रात्री अडीच वाजता उठली, चादर ओढत स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, ‘भात’.