कोनाच्या खोल पाण्यात वाहूची भालाशिकार

हवाईच्या कोना किनाऱ्यालगत समुद्राचा तळ झपाट्याने खोल जात असल्यामुळे वाहूसारखा वेगवान मासा तेथे जमिनीपासून फारसा दूर न जाताही गाठता येतो. श्वास रोखून पाण्याखाली केल्या जाणाऱ्या या शिकारीत भाला बंदुकीतून सोडतात. भाल्याची दोरी या बंदुकीला न बांधता लांब दोरीने तरंगत्या बोयाला जोडावी, म्हणजे मासा सुसाट पळाला तरी बंदूक हातातच राहते. चकाकणारे पत्रे पाण्यात लोंबते सोडले की वाहू कुतूहलाने जवळ येतो. मात्र त्याच्यामागे पोहणे व्यर्थ असते, म्हणून त्याच्या वाटेच्या पुढे तिरकी बुडी मारावी आणि त्याच्याकडे रोखून पाहणे टाळावे. त्याचे मांस मऊ असल्याने ते फाटून भाला निसटतो. म्हणून भाल्याला सुटे, मांसात शिरल्यावर आडवे वळणारे टोक वापरावे आणि कल्ल्यांच्या किंचित मागे, कण्याच्या रेषेत नेम धरावा. दोरी बोटांना किंवा मनगटाला कधीही गुंडाळू नये. दात वस्तऱ्यासारखे असल्याने मासा जवळ घेताच मेंदूत सुरी खुपसून त्याला शांत करावे.

बुडीपूर्वी जोरजोराने श्वास घेऊ नये, कारण त्यामुळे वर येताना बेशुद्धी येऊ शकते. एक जण खाली असताना जोडीदाराने वरून नजर ठेवलीच पाहिजे, एवढ्या बाबतीत तडजोड नाही.