जोडीदार गंभीर आजारी असताना प्रार्थना कशी करावी

नवऱ्याला किंवा बायकोला मोठा आजार झाला की ख्रिस्ती विश्वासी माणसाच्या डोक्यावर दोन ओझी एकदम येतात. एक सेवेचे: औषधे, तपासण्या, बिले, जागरणे. दुसरे कोणाला दिसत नाही. ‘माझीच प्रार्थना कमी पडली तर?’ पहिले ओझे टळत नाही. दुसरे देवाने तुमच्यावर टाकलेलेच नाही. पुढे जे सांगितले आहे ते बरेचसे हे दुसरे ओझे उतरवण्याविषयी आहे.

आधी खरे बोला

निदान कळल्यावर पहिल्या काही दिवसांत स्तुती, आभार, ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे ओठांवर येत नसेल, तर ओढूनताणून आणू नका. बायबलमधल्या १५० स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते. शेवटी दिलाशाची ओळ जोडून ते गोड केलेले नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. वधस्तंभावरून येशूने मारलेली ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही हाकही बाविसाव्या स्तोत्राचीच सुरुवात आहे.

एकटे असाल तेव्हा, गाडीत, गच्चीवर, बाथरूममध्ये नळ सोडून, तेरावे स्तोत्र मोठ्याने वाचा. सहाच वचने आहेत. मग एक वाक्य स्वतःचे घाला, आजाराचे नाव घेऊन. ‘प्रभू, मला तुझा राग आलाय, हा कॅन्सर तिलाच का?’ एवढे पुरे. भाषा घरातलीच असू द्या, उपासनेतली ठेवणीतली नको. देवाशी असे बोललेले चालते का, अशी धाकधूक वाटत असेल तर बायबलमधले, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे पुस्तक शेवटच्या अध्यायापर्यंत वाचा. तिथे देवाचा कोप होतो तो देवाची वकिली करणाऱ्या मित्रांवर. भांडणारा ईयोब आपल्याविषयी बरोबर बोलला, असे देव सांगतो.

बरे होण्यासाठी स्पष्ट मागा, आणि गोळ्या चालू ठेवा

काही जण ‘तुझी इच्छा’ म्हणून मागणेच टाळतात, म्हणजे नकार मिळाला तरी अपेक्षाभंग नको. अटक होण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने असे केले नाही. आधी ‘हा प्याला (म्हणजे पुढचे दुःख) माझ्यापासून दूर कर’ असे त्याने सरळ मागितले, ‘तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको’ हे त्यानंतर आले. हाच क्रम धरा. मागणे नेमके ठेवा: उद्याची शस्त्रक्रिया नीट होवो, ताप उतरो, आज रात्री त्याला झोप लागो.

औषध आणि विश्वास यांचे भांडण लावणारे कोणी ना कोणी भेटेलच. त्यांना हिज्कीया राजाची गोष्ट आठवून द्यावी. मरणाला टेकलेल्या राजाने भिंतीकडे तोंड करून प्रार्थना केली, देवाने त्याचे आयुष्य १५ वर्षांनी वाढवले, आणि त्याच प्रसंगात यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितले. येशूचा प्रेषित पौल याचा सोबती लूक वैद्य होता. त्यामुळे ‘औषध बंद करून विश्वास दाखवा’ असे सांगणारा माणूस कितीही मोठ्या व्यासपीठावर उभा असो, त्याचे ऐकू नका. बरे करण्याच्या बदल्यात तो पैसे मागत असेल तर तिथून उठाच.

प्रार्थना आखूड करा

पहाटेचा तासभराचा मनन-वाचनाचा नेम आता टिकणार नाही. तो सुटला म्हणून अपराधी वाटून घेण्यात अर्थ नाही. त्याऐवजी जी कामे दिवसभर करावीच लागतात त्यांना एकेक ओळ बांधून टाका. गोळी हातावर काढताना ‘प्रभू, दया कर’. लिफ्टची वाट पाहताना ‘आजच्यापुरते बळ दे’. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसल्यावर श्वास घेताना ‘प्रभू येशू’ आणि सोडताना जोडीदाराचे नाव. आपल्याला शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर आजचीच मागितली आहे, वर्षाची नाही.

तेही जमेना तर गप्प बसा. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की काय मागावे हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. ज्याला मुलाच्या आजारात धड विश्वासही ठेवता येत नव्हता, त्या बापाने येशूला म्हटले, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ येशूने त्याला परत पाठवले नाही.

रुग्णाजवळ प्रार्थना: आधी विचारा

इथे बरीच भली माणसे चुकतात. आजारी माणसाला विचारायचेच राहून जाते. आत्ता प्रार्थना करू की नुसता बसू? मोठ्याने की मनात? कशासाठी? उत्तर अनपेक्षित येऊ शकते. तुम्ही गाठ विरघळावी म्हणून आठवडाभर मागत आहात, आणि तिला आधी हवे आहे की तोंडातले फोड कमी होऊन घोटभर पाणी सुखाने गिळता यावे. मग तेच मागा.

खुर्ची ओढून तिच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. पलंगाशी उभे राहून केलेली प्रार्थना रुग्णाला वरून आल्यासारखी वाटते. हात धरण्याआधी सलाईनची सुई कोणत्या हाताला आहे ते बघा. दोन-तीन वाक्ये, हळू आवाजात, आणि मध्ये थांबा. बोलवत नसेल तर ‘आमेनला माझे बोट दाब’ असे सांगून ठेवा. प्रार्थनेच्या आडून उपदेश करू नका. ‘प्रभू, हिला धीर धरायला शिकव’ ही देवाशी बोलण्याची नव्हे, बायकोला ऐकवण्याची रीत झाली. रुग्ण शुद्धीत नसेल तरी त्याला ऐकू येते असे धरूनच बोला: आपण कोण आहोत, आज वार कोणता, आता काय वाचणार आहोत. मग तेविसावे स्तोत्र किंवा तुम्ही दोघे उपासनेत नेहमी गाता ते गीत.

तो ‘नको’ म्हणाला तर नको. रुग्णाचा विश्वास तुमच्यासारखा नसेल, किंवा असूनही आत्ता त्याला देवाचे नाव ऐकवत नसेल. मग तुमची प्रार्थना बाहेर व्हरांड्यात करा, आणि आत येऊन त्याची उशी सारखी करा.

‘एवढे लोक तुझ्यासाठी प्रार्थना करताहेत, तू बरा होणारच’ हे वाक्यही जपून वापरावे. २००६ साली अमेरिकेत बायपास शस्त्रक्रियेच्या १८०२ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेमुळे शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी झालेली त्यात दिसली नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना नक्की सांगितले होते, त्यांच्यात गुंतागुंतीचे प्रमाण ५९ टक्के निघाले. प्रार्थना चालू असूनही ज्यांना तशी खात्री दिली नव्हती, त्यांच्यात ते ५२ टक्के होते. तो फरक योगायोगाचाही असू शकतो. देवाला आकड्यांत पकडता येते असे मला वाटत नाही, त्यामुळे या अभ्यासाने माझा विश्वास वाढला नाही की घटला नाही. पण बरे होऊन दाखवण्याचा ताण आजारी माणसावर येऊ शकतो, हे समजायला मला आकड्यांची गरजही नाही.

मंडळीला (चर्चमधल्या लोकांना) नेमके काम सांगा

‘काही लागले तर सांगा’ असे सगळेच म्हणतात, आणि कोणी सांगत नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघांनी पक्षाघाती माणसाला छपरातून खाली सोडले. येशूने तिथे ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असे लिहिले आहे. आजाऱ्याने स्वतः काही म्हटल्याची नोंद नाही. म्हणून वाहून नेणारी माणसे ठरवा. एकाकडे बातमी पोहोचवण्याचे काम द्या, म्हणजे वीस जणांच्या फोनवर तीच कहाणी वीसदा सांगावी लागणार नाही. एकाकडे मुलांची शाळा. एकाकडे आठवड्यातली एक रात्र रुग्णाजवळ बसण्याचे, म्हणजे तुम्ही झोपाल.

प्रार्थनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रिपोर्ट आणि फोटो टाकण्याआधी जोडीदाराची परवानगी घ्या. ‘उद्या सकाळी स्कॅन आहे, भीती जावी म्हणून प्रार्थना करा’ एवढ्यावर प्रार्थना होते, ट्यूमर किती सेंटिमीटरचा आहे हे कळायलाच हवे असे नाही.

पाळकांना किंवा फादरना लवकर बोलवा. कोणी दुखणाईत असेल तर त्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावे, त्यांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी, असे याकोबाच्या पत्रात स्पष्ट आहे. कॅथलिक घरांत अजूनही फादर तेल घेऊन आले की ‘आता संपले’ अशी भीती पसरते. प्रत्यक्षात कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हा आजाऱ्यांचा संस्कार आहे, फक्त मरणाऱ्यांचा नव्हे, हे सांगितले आणि १९७२ साली नवा विधीही आला. मोठ्या शस्त्रक्रियेआधी तो घेता येतो, आणि आजार बळावला तर पुन्हाही.

‘विश्वास कमी पडला’ म्हणणाऱ्यांना उत्तर

असे म्हणणारे भेटायला येतील, बहुधा प्रेमानेच. काही जण घरातले पाप शोधायला सांगतील. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी नेमके हेच विचारले होते, पाप कोणाचे, त्याचे की त्याच्या आईबापांचे? आणि येशूने ते दोन्ही पर्याय नाकारले. पौलाने शरीरातला ‘काटा’, म्हणजे सतत छळणारी व्यथा, निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, उत्तर आले ते ‘माझी कृपा तुला पुरे आहे’. याच पौलाने त्रफिम या सोबत्याला आजारी अवस्थेत मिलेत शहरात मागे ठेवले. पौलाचा विश्वास कमी होता असे कोणी म्हणत नाही.

वाद घालायला तुमच्याकडे ताकद नसेल. ‘तुम्ही आलात, बरे वाटले, आता तिला विश्रांती घेऊ द्या’ एवढे म्हणून दार उघडून धरा. ईयोबाचे मित्रसुद्धा पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले होते, तोवर त्यांचे काही चुकले नव्हते.

स्वतः जेवा, झोपा

एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने त्याला दोनदा उठवून खायला घातले आणि मध्ये झोपू दिले. उपदेश केला नाही. उपासाची प्रार्थना सेवा करणाऱ्याने आत्ता करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो उपास मंडळीतल्या दुसऱ्या कोणाला करू द्या. झोप उडाली, रडू थांबेना, जगणे नकोसे वाटू लागले तर पाळकांइतकेच डॉक्टरांनाही सांगा.

रिपोर्ट बिघडले तर

उपचार थकले असे डॉक्टर म्हणाले तर प्रार्थनेचा विषय बदलणे म्हणजे विश्वास सोडणे नव्हे. वेदना कमी करणाऱ्या उपशामक उपचारांविषयी त्यांना स्वतःहून विचारा. चमत्कार मागत राहायला हरकत नाही, पण त्याच बैठकीत हेही मागा: वेदना आटोक्यात राहोत, भीती जावो, कोणाशी बोलायचे राहिले असेल ते बोलून होवो. जोडीदाराने मरणाचा विषय काढला तर ‘असे बोलू नकोस, विश्वास ठेव’ म्हणून तो बंद करू नका. लाजर या मेलेल्या मित्राच्या कबरेकडे जाताना येशू रडला, आणि आपण त्याला मरणातून उठवणार आहोत हे त्याला तेव्हा ठाऊक होते.

मुलांना ‘देव बाबांना नक्की बरे करणार’ असे वचन देऊ नका. ते वचन तुमच्या हातातले नाही, आणि मोडले तर मुले देवालाच खोटे ठरवतील. ‘आपण देवाला रोज सांगू या, डॉक्टरही प्रयत्न करताहेत, आणि काहीही झाले तरी तुझ्यासोबत कोण असेल ते मी सांगते’ असे म्हणा, आणि त्या माणसाचे नाव खरेच सांगा. मुलांनी ‘देवा, तू वाईट आहेस’ अशी प्रार्थना केली तर ती दुरुस्त करू नका, तिलाही आमेन म्हणा.